सहीआधीची पाच मिनिटे

प्रति,
मानसिक आरोग्य रुग्णालयांचे प्रमुख, मानसोपचारतज्ज्ञ, परिचारिका आणि या सेवांचे नियम ठरवणारे अधिकारी यांस,

विषय: मानसिक आरोग्यसेवा घेणाऱ्या व्यक्तींचे हक्क आणि दाखल होताना घेतली जाणारी सही

स. न. वि. वि.

मी आजवर दोनदा मानसिक आजाराच्या उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झाले आहे, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. पहिल्या वेळची माझी सही त्या केसपेपरवर अजून असेल. नंतर एकदा मी ती पाहिली तेव्हा मला ती माझी वाटली नाही. नावाचे पहिले अक्षर ओळीवर होते आणि उरलेले नाव कागदाच्या कडेकडे घसरत गेले होते. दाखल झाले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि मी दोन रात्री झोपले नव्हते. टेबलापलीकडच्या सिस्टरने माझा पट्टा, बुटांच्या नाड्या, मोबाईल आणि चष्मा एका पिशवीत घातला; चष्मा यासाठी की त्याला काच असते. मग तिने चार पानांचा फॉर्म माझ्यासमोर सरकवला आणि सही करायच्या जागी पेन्सिलीने फुली मारली. चष्म्याशिवाय मला त्या पानावर तेवढी फुलीच दिसत होती. तिथे मी सही केली. त्या कागदानुसार आजार, उपचार आणि औषधांचे दुष्परिणाम यांची पूर्ण माहिती समजून घेऊन मी स्वखुशीने दाखल झाले होते.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते की, त्या रात्री मला थांबवले याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. थांबवले नसते तर हे पत्र लिहायला मी बहुधा उरले नसते. अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१४ मध्ये अशी भूमिका मांडली की, एखाद्याच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घेण्याची पद्धतच बंद करावी आणि तिच्या जागी त्या व्यक्तीला स्वतःचा निर्णय घ्यायला आधार देणारी पद्धत आणावी. अनेक मानसोपचारतज्ज्ञांना हे टोकाचे वाटते, आणि खरे सांगायचे तर आम्हा सेवा घेतलेल्यांमध्येही त्यावर एकमत नाही. मी स्वतः मधली आहे. जीव जात असेल तर हात धरावा, असे मला वाटते. पण हात धरणाऱ्याने तो का धरला, किती वेळ धरणार आणि सोडायचे कोणाला विचारून, हे त्याच वेळी सांगितले पाहिजे आणि लिहून ठेवले पाहिजे. माझे गाऱ्हाणे आहे ते थांबवल्यानंतरच्या अकरा दिवसांचे, कारण त्या अकरा दिवसांत मला कोणीही काहीही विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी माझे डोके थोडे जागेवर आले होते. मी स्वखुशीने आले आहे असे कागद म्हणत होता, म्हणून मी घरी जायचे आहे असे सांगितले. उत्तर आले, ‘सर सोमवारी येतील, मग बघू.’ तो गुरुवार होता. वॉर्डच्या दाराला बाहेरून कुलूप होते. संध्याकाळी मी पुन्हा विचारले तेव्हा मला, रागाने नव्हे तर अगदी समजुतीच्या सुरात, सांगण्यात आले की फार हट्ट केला तर सक्तीचा कागद करावा लागेल आणि मग जास्त दिवस राहावे लागेल. मी गप्प बसले. केसपेपरवर त्या दिवशी ‘रुग्ण शांत, सहकार्य करते’ अशी नोंद आहे. ही नोंद मी नंतर अर्ज करून मिळवलेल्या प्रतीत वाचली.

यातला जो पेच आहे तो वॉर्डात न राहिलेल्यांच्या चटकन लक्षात येत नाही. सक्तीने दाखल केलेल्या माणसाला बहुतेक देशांच्या कायद्यात काही ना काही संरक्षण असते: मुदत असते, दुसऱ्या डॉक्टरचे मत लागते, निर्णय तपासणारे मंडळ किंवा न्यायाधीश असतो. इटलीच्या १९७८ च्या कायद्यानुसार सक्तीच्या उपचारासाठी दोन डॉक्टरांचे मत आणि महापौरांचा लेखी आदेश लागतो, तो न्यायाधीशांकडे कळवावा लागतो, आणि मुदत सात दिवसांची असते. वाढवायची तर कारण पुन्हा द्यावे लागते. पण जो ‘स्वखुशीने’ आला आहे त्याच्यासाठी असली कुठलीच घड्याळे लावलेली नसतात, कारण त्याला जायचे असेल तेव्हा तो जाईल असे कायदा गृहीत धरतो. म्हणून सक्तीचा कागद न करता सक्ती केली, तर त्या माणसाला ना हे संरक्षण मिळते, ना जाण्याची मोकळीक. युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे नेमका असाच एक खटला आला होता. ब्रिटनमधल्या एका स्वमग्न, बोलू न शकणाऱ्या माणसाने विरोध केला नाही म्हणून त्याला सक्तीची कुठलीही प्रक्रिया न करता रुग्णालयात ठेवून घेतले होते, आणि त्याची काळजी घेणाऱ्या कुटुंबाला सुरुवातीला त्याला भेटूही दिले नव्हते. २००४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की हे त्याचे स्वातंत्र्य हिरावून घेणेच होते आणि तेही बेकायदा. विरोध न करणे म्हणजे संमती, असे समजण्याची सवय त्या निकालाने मोडायला हवी होती. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने याबाबत शब्द स्पष्ट ठेवले आहेत: स्वतःहून दाखल झालेल्या प्रौढ व्यक्तीने मागितल्यावर तिला सोडायचे, आणि काही ठरावीक कारणे दिसत असतील तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवायचे. गुरुवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ हे अंतर २४ तासांचे नाही, हे कोणीही मोजू शकते.

आता ‘इनसाइट’ या शब्दाविषयी, म्हणजे आपण आजारी आहोत आणि आपल्याला उपचार हवेत याची रुग्णाला असलेली जाण. तुमच्या व्यवसायात हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जातो आणि रोगनिदानात त्याचा उपयोग असेलही. त्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण वॉर्डात त्याचा अर्थ वेगळाच होऊन बसतो. मी औषध घ्यायला हो म्हटले तर मला इनसाइट आहे, आणि हे औषध नको, मागच्या वेळी त्रास झाला होता, असे म्हटले तर मला इनसाइट नाही. जी क्षमता फक्त होकार दिल्यावरच सिद्ध होते तिला क्षमता कसे म्हणायचे? इंग्लंडच्या २००५ च्या मानसिक क्षमताविषयक कायद्यात लिहिले आहे की, एखाद्याने शहाणपणाचा नसलेला निर्णय घेतला एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असे ठरवू नये. त्याच कायद्याप्रमाणे क्षमता ही त्या त्या निर्णयापुरती आणि त्या त्या वेळेपुरती तपासायची असते. हा मुद्दा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्या रात्री घरी जाणे माझ्यासाठी सुरक्षित आहे की नाही, हे मला ठरवता आले नसते, हे मी मान्य करते. पण कोणाला फोन करून कळवायचे आणि कोणाला मुळीच कळवायचे नाही, स्वतःचे कपडे घालायचे की रुग्णालयाचे, इंजेक्शन दंडात घ्यायचे की गोळी घ्यायची, रात्री दिवा असावा की नसावा, हे सगळे मला त्या रात्रीसुद्धा सांगता आले असते. एका प्रश्नाचे उत्तर मला देता येत नव्हते म्हणून बाकीचे वीस प्रश्न विचारलेच गेले नाहीत.

पाचव्या रात्री माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे दोन्ही हात पट्ट्यांनी खाटेच्या दांड्यांना बांधले गेले. त्यांनी जेवणाचे ताट भिरकावले होते आणि त्यानंतर बराच वेळ आरडाओरडा केला होता, हे खरे आहे. रात्रपाळीला आम्हा सगळ्याजणींसाठी एकच सिस्टर होती, हेही खरे आहे. पण तासाभराने त्या बाई शांत झाल्या तरी पट्ट्या तशाच राहिल्या. पहाटे कधीतरी त्यांनी मला हाक मारली. मला वाटले पाणी हवे असेल. त्यांनी सांगितले, ‘नाक खाजतंय, जरा खाजवतेस का?’ मी उठून त्यांचे नाक खाजवले. त्या ‘डावीकडे, डावीकडे’ असे सांगत राहिल्या आणि आम्ही दोघी थोड्या हसलोही. सकाळच्या राउंडच्या अर्धा तास आधी पट्ट्या सोडल्या गेल्या. त्या रात्रीची नोंद कुठे झाली का, झाली असल्यास त्यात किती तास लिहिले आहेत, हे मला ठाऊक नाही, आणि त्या बाईंनाही ते कधी कळले असेल असे वाटत नाही.

इटलीतल्या गोरिझिया गावच्या मनोरुग्णालयाची सूत्रे १९६१ मध्ये फ्रँको बसालिया या डॉक्टरांनी घेतली. आदल्या रात्री बांधून ठेवलेल्या रुग्णांची नोंदवही पहिल्याच दिवशी मुख्य परिचारकाने त्यांच्यापुढे सहीसाठी ठेवली आणि त्यांनी सही करायला नकार दिला, असे सांगतात. तेव्हा पद्धत अशी होती की बांधायचे आधी आणि वरिष्ठांची सही नंतर, म्हणजे सही हा एक उरकायचा सोपस्कार. एका माणसाने तो उरकला नाही आणि पुढच्या सतरा वर्षांत त्या देशाने जुनी मनोरुग्णालये बंद करण्याचा कायदा केला. सगळे श्रेय एका नकाराला देणे अर्थातच भाबडेपणाचे होईल; मागे मोठी चळवळ होती, डॉक्टर होते, परिचारक होते, रुग्णांच्या सभा होत्या. तरी मला त्या प्रसंगाचे मोल वाटते, कारण त्यात दुसऱ्या टोकाची सही आहे. रुग्णाची सही कशी घेतली जाते याची चर्चा कधीतरी होते. बांधण्याच्या कागदावर डॉक्टर सही कशी करतात याची होत नाही.

याबाबत कायदे आता बरेच पुढे गेले आहेत. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये ठरवले की, एखाद्याला पाच किंवा सात ठिकाणी पट्टे लावून साधारण अर्ध्या तासाहून जास्त काळ खाटेला बांधायचे असेल तर ते स्वातंत्र्य हिरावून घेणे आहे आणि त्यासाठी न्यायाधीशाचा आदेश हवा; त्यासाठी रोज सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत न्यायाधीश उपलब्ध असला पाहिजे, हेही न्यायालयाने सांगितले. अर्धा तास! त्या पहाटे हे वाक्य मला ठाऊक असते तर मी ते शेजारच्या खाटेवर ऐकवले असते. भारताच्या २०१७ च्या कायद्यात एकांतकोठडीला बंदी आहे आणि बांधून ठेवणे हे शिक्षा म्हणून, धाक म्हणून किंवा केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून करता येत नाही, असे स्वच्छ लिहिलेले आहे. कारण, पद्धत आणि काळ यांची नोंद करायची असते आणि २४ तास उलटण्याच्या आत रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या बाजूने बोलायला नेमलेल्या माणसाला, कळवायचे असते. ब्रिटनमध्ये २०१० साली ओलासेनी लुईस हा २३ वर्षांचा तरुण स्वतःहून रुग्णालयात आला, नंतर निघून जायला लागला तेव्हा त्याला अडवले गेले, पोलिसांनी त्याला दीर्घ काळ दाबून धरले आणि त्यानंतर काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षे लढा दिल्यावर २०१८ मध्ये तिथे कायदा झाला की मानसिक आरोग्य विभागात बळाचा वापर झाला तर त्याची नोंद ठेवावीच लागेल. नोंद ठेवा, एवढी साधी मागणी कायद्यात यायला एका घराला काय किंमत मोजावी लागली, ते मला विसरता येत नाही.

दुसऱ्यांदा दाखल झाले तेव्हा माझ्याकडे दोन पाने होती. बरी असताना मी ती एका मैत्रिणीच्या मदतीने लिहिली होती आणि माझ्या डॉक्टरांनी ती वाचून खाली सही केली होती. कायद्याच्या भाषेत याला आगाऊ निर्देश म्हणतात. आमच्यात ‘ती दोन पाने’ एवढेच नाव आहे. पहिल्या पानावर लिहिले होते की मी आजारी पडायला लागते तेव्हा आधी फोन उचलणे बंद करते आणि मग रात्री उठून कपाटे आवरते, आणि ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली की माझ्या मैत्रिणीने माझ्याशी वाद न घालता डॉक्टरांना कळवावे. त्याखाली होते की हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर पहिल्या वेळी माझी मान डावीकडे ओढली गेली होती आणि जीभ वळेनाशी झाली होती, तेव्हा ते औषध शक्यतो देऊ नये, दिलेच तर त्यावरचे औषध हाताशी ठेवावे. (पहिल्या वेळी त्या ओढल्या गेलेल्या मानेला दोन तास नाटक समजले गेले होते. जो त्रास एका इंजेक्शनने अर्ध्या तासाच्या आत उतरला, त्यासाठी दोन तास मी छताच्या एका कोपऱ्याकडे बघत बसले होते.) दुसऱ्या पानावर कोणाला कळवावे, कोणाला कळवू नये, कामाच्या ठिकाणी काय सांगावे आणि घराची किल्ली कोणाकडे द्यावी हे होते. शेवटची ओळ अशी होती: ‘चष्मा काढून घ्यायचा असेल तर सगळे कागद वाचून झाल्यावर घ्यावा.’

त्या दुसऱ्या रुग्णालयातल्या सिस्टरने ती पाने मला समोर बसवून मोठ्याने वाचली. दोन ठिकाणी थांबून तिने मला विचारले की हे अजून तसेच आहे का. एका ठिकाणी मी बदल सांगितला आणि तिने तो पेनाने लिहिला. मग तिने केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईत त्या औषधाचे नाव लिहिले. याला पाच मिनिटे लागली असतील, फार तर सात. त्या वेळीही मी आजारी होते, रडत होते, वॉर्डाचे दार तेव्हाही बंद होते आणि मला तिथे राहायचे नव्हते. पण माझी त्या वेळची सही ओळीवर आहे.

एकीच्या अनुभवावरून नियम करू नयेत, हे तुम्ही म्हणायच्या आधीच म्हणते. इंग्लंडमध्ये अशा संयुक्त आणीबाणी-योजनांचा अभ्यास झाला आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांनी डॉक्टरांबरोबर बसून अशी योजना लिहिली होती त्यांना सक्तीने दाखल करण्याचे प्रमाण कमी दिसले. २०१३ मधल्या बऱ्याच मोठ्या चाचणीत तसा फरक दिसला नाही. हे दुसरे निष्कर्ष माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातात म्हणून ते लपवण्याची मला गरज वाटत नाही, कारण संशोधकांनी त्याबरोबरच नोंदवले की पुष्कळ ठिकाणी ही योजना ठरल्याप्रमाणे राबवलीच गेली नव्हती. डॉक्टरांनी तिला नेहमीच्या उपचार-बैठकीचाच एक भाग समजून उरकले. कपाटात ठेवलेला कागद कोणाचे रक्षण करत नाही, तो वाचला जावा लागतो. शिवाय सक्तीने दाखल होण्याचे आकडे घटले नाहीत तरी माझी मान वाकडी झाली नाही, हा फायदा कुठल्या तक्त्यात मोजला जातो?

शरीराच्या दुखण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते खरे तर वेगळ्या पत्राचे काम आहे. गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातले बरेचसे मृत्यू हृदयविकारासारख्या, टाळता येणाऱ्या शारीरिक आजारांमुळे होतात. आमच्या छातीत दुखले तर ती घबराट असते, पोटात दुखले तर ते लक्ष वेधून घेणे असते. केसपेपरवर मानसिक आजाराचे नाव एकदा लिहिले गेले की त्याखालच्या प्रत्येक ओळीवर त्याची सावली पडते. रक्तदाब मोजायला इनसाइट लागत नाही.

तक्रारीची पेटी मी दोन्ही ठिकाणी पाहिली. एका ठिकाणी ती सिस्टरांच्या टेबलाच्या अगदी वर भिंतीला लावलेली होती आणि कागद-पेन मागायचे तर त्याच टेबलावर मागावे लागे. अशा पेटीत काय पडणार? वॉर्डातल्या माणसाला भीती वाटते ती सूड उगवला जाण्याची नसते. तक्रार हेच लक्षण मानले जाईल याची असते. संशयी, चिडखोर, वादावादी करणारा, हे शब्द तक्रारदारालाही लागू पडतात आणि रुग्णालाही. म्हणून ऐकून घेणारा माणूस रुग्णालयाच्या पगारावर नसलेला हवा. ही काही नवी मागणी नाही. ब्रिटनमध्ये १८४५ साली, स्वतः वेड्यांच्या आश्रमात काही वर्षे काढलेल्या जॉन पर्सिव्हल आणि त्यांच्या सोबत्यांनी, ‘वेडे ठरवलेल्यां’च्या मित्रांची संस्था स्थापन केली होती, कोंडलेल्या लोकांना भेटणे, त्यांची प्रकरणे अधिकाऱ्यांपुढे मांडणे, कायदा बदलायला लावणे, ही तिची कामे होती. पर्सिव्हल हे पंतप्रधानाचे चिरंजीव होते, म्हणून त्यांचे ऐकले तरी गेले असावे. आज इंग्लंडमध्ये सक्तीने ठेवलेल्या रुग्णांना स्वतंत्र हक्कसाहाय्यक मिळण्याची कायद्यात तरतूद आहे, आणि स्वीडनच्या स्कोने भागात १९९५ पासून असे व्यक्तिगत साहाय्यक काम करत आहेत ज्यांना रुग्णाने सांगितल्याशिवाय काहीही करता येत नाही. तुमच्या रुग्णालयात असा माणूस आठवड्यातून एक दिवस जरी येऊन बसला, आणि त्याची खुर्ची सिस्टरांच्या टेबलापासून दूर असली, तरी पहिल्या महिन्यात तुम्हाला बरेच काही कळेल.

मनुष्यबळ नाही, हे तुमचे उत्तर असेल, आणि ते खोटे नाही. जगभर सरकारे आरोग्यावरच्या खर्चातला सरासरी सुमारे २ टक्के वाटा मानसिक आरोग्याला देतात. रात्रपाळीच्या त्या एकट्या सिस्टरबद्दल माझ्या मनात राग नाही. ती पहाटे टेबलावर डोके ठेवून बसली होती आणि तिच्या जागी मी असते तर मीही पट्ट्याच शोधल्या असत्या. पण मनुष्यबळाची कमतरता तुम्ही कोणाच्या मनगटावर भागवता, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. बांधलेल्या प्रत्येक माणसामागे जर तुम्ही कारण म्हणून ‘कर्मचारी अपुरे’ असे प्रामाणिकपणे लिहिलेत, आणि महिन्याच्या शेवटी ती संख्या वर पाठवलीत, तर अधिक परिचारिका मागायला याहून मोठा पुरावा तुम्हाला मिळणार नाही. आज ती कमतरता रुग्णाच्या आक्रमकतेच्या नावाखाली लपली जाते आणि तुमचेच नुकसान होते.

नातेवाइकांना मी या पत्रात मुद्दाम बाजूला ठेवले आहे. बहुतेक घरांत ते थकलेले असतात, घाबरलेले असतात आणि त्यांना कोणी वाली नसतो. पण माझ्याबद्दलची माहिती आधी त्यांना आणि मग मला, हा क्रम उलटा करावा, एवढे म्हणणे आहे. माझ्या आजाराचे नाव मला माझ्या भावाच्या तोंडून, डिस्चार्जच्या दिवशी गाडीत कळले.

मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. सही सकाळी पुन्हा घ्या. रात्री घेतलेली सही ही फक्त त्या रात्रीपुरती आहे असे माना, आणि झोप झालेल्या, चष्मा घातलेल्या माणसाला त्याच्या भाषेत सगळे परत सांगून विचारा की तो अजून हो म्हणतो का. तो नाही म्हणाला आणि तुम्हाला त्याला ठेवणे भाग वाटले तर उघडपणे सक्तीचा कागद करा, म्हणजे त्याच्याबरोबर येणारी मुदत, मंडळ आणि अपिलाचा हक्कही त्याला मिळेल. दुसरे, डिस्चार्जच्या वेळी प्रत्येकाला दोन कोरी पाने द्या आणि पुढच्या तपासणीला ती भरून आणायला सांगा. ती भरताना तुम्ही शेजारी बसा. तिसरे, बांधण्याची, कोंडण्याची आणि जबरदस्तीने दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनची नोंद त्या माणसाला स्वतःला दाखवा आणि तिच्याखाली त्याला हवे ते लिहायला चार ओळी मोकळ्या सोडा.

यासाठी नवा कायदा लागत नाही. हे सुरू करण्याआधी एक काम मात्र आजच करता येईल. गेल्या महिन्यातले दाखल होतानाचे सगळे फॉर्म काढून घ्या आणि सहीची वेळ पाहा. रात्री दहानंतरच्या सह्या वेगळ्या करा. त्यांतल्या किती जणांच्या डोळ्यांवर तेव्हा चष्मा होता हे कागदावर लिहिलेले नसेल. ते त्या रात्री टेबलावर असलेल्या सिस्टरला विचारावे लागेल.

आपली,
दोनदा दाखल झालेली एक सेवा घेणारी व्यक्ती

सोबत: दोन पानांचा कोरा नमुना